दिवा लागेपर्यंत

ऑफिसात त्यांना सगळे आधीकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलं होतं. कुणी काहीही मागितलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आधी काय लागतं?" स्पीकर चालू करायचाय? आधी काय लागतं? कॅमेरा हवाय? आधी काय लागतं? घरीही तीच तऱ्हा. एकदा बायकोने हौसेने म्हटलं, चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ. तर हे गृहस्थ आधी कुंड्यांना पाणी कोण घालणार, आधी गळका नळ, आधी चष्म्याचा नंबर, असं करत बसले आणि सुट्टी घरातच संपली. बायको म्हणाली, आधी विचार करायला हवा होता तो मी, लग्नाच्या वेळी. काका मनापासून हसले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

त्यांचं काम समजावून सांगणं कठीण. जावई नक्की करतो काय, हे त्यांच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कंपनी एक छोटी पांढरी पेटी बनवायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पेटी टेबलावर ठेवायची आणि दोरीतलं बटण गळ्यात घालायचं. पडलं, घाबरलं, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. बटण पेटीला कळवणार आणि पेटी मुलाला, मुलीला, शेजाऱ्याला फोन लावणार. निरोप पेटीला पोचला की बटणावर बारीक हिरवा दिवा लागायचा. या पेटीच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच्या तळाशी कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभार बघणारा प्रोग्रॅम. कर्नलला पेटीतला प्रत्येक भाग ओळखता यावा म्हणून त्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे मधला दुभाषी प्रोग्रॅम, लागतो. बटणाचा निरोप ऐकणाऱ्या रेडिओचा वेगळा, बॅटरीचा वेगळा, स्पीकरचा वेगळा. असे हजारो ड्रायव्हर पडलेले असतात. त्यातले कुठले घ्यायचे, कुठले गाळायचे, आणि कोण कुणाशिवाय उभा राहू शकत नाही, हे सांभाळणं ही काकांची नोकरी.

या कामात दोन पद्धती आहेत. पहिली सभ्य. ड्रायव्हरच्या नावाखाली लिहून टाकायचं की हा अमक्यावर अवलंबून आहे. अमका हजर असेल तरच हा पुढे येईल, नाहीतर दिसणारसुद्धा नाही. दुसरी पद्धत दांडगाईची, तिला ऑफिसात 'सिलेक्ट मारणं' म्हणत. यात एखाद्याला दंडाला धरून सरळ आत आणायचं. त्याला स्वतःला काय लागतं, ते जागेवर आहे का, कुणी विचारत नाही. मशीन एक वॉर्निंग देतं, की बाबांनो, याची गरज भागलेली नाही. पण अडवत कुणाला नाही. वॉर्निंग पडद्यावर येते आणि इतर ओळींबरोबर वर निघून जाते. नव्या माणसाने असा सिलेक्ट मारलेला दिसला की काका त्याची चारचौघांत हजेरी घेत. एकही वॉर्निंग असली तर काम पुढे जाणार नाही, हा नियम त्यांनीच घातला होता आणि मशीनला शिकवूनही ठेवला होता. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

काकांची थोरली बहीण अक्का गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची. आई लवकर गेली, तेव्हा काकांना अक्कानेच वाढवलं, तेही लोकांचे कपडे शिवून. बोलता बोलता ती सुई ओवायची, सुईकडे न बघता. लहानपणी काकांना वाटायचं की सगळ्याच मोठ्या माणसांना तसं जमतं. पुढे नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, पण खिडकीजवळचं शिवणयंत्र काही थांबलं नाही. मुलगा चल चल म्हणायचा, ही म्हणायची, हात चालतायत तोवर मी इथेच. म्हणून मग काकांनी तिला पेटी आणून दिली. स्वतः टेबलावर बसवली, बटण तिच्या गळ्यात घातलं. पेटी नव्या बोर्डाची, म्हणजे आतली सर्किटची पाटी बदललेली होती, पहिल्याच खेपेतली.

त्या खेपेची गोष्ट अशी. जुन्या बोर्डावर वीजपुरवठा सांभाळणारी जी चिप होती ती बाजारात मिळेनाशी झाली, म्हणून नव्या बोर्डावर दुसरी बसवली. तिचा ड्रायव्हर अजून लिहून व्हायचा होता. रेडिओचा ड्रायव्हर जुन्या चिपवर अवलंबून. जुनी चिप नाही, म्हणून रेडिओही गायब. आणि रेडिओ नाही तर बटणाचं ऐकणार कोण? माल त्याच दिवशी जायचा होता, खाली टेम्पो उभा होता. साहेब काकांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. काका म्हणाले, आधी पॉवरचा ड्रायव्हर लागतो. साहेब दमलेल्या आवाजात म्हणाले, "काका, तुमचं आधी संपेल तोवर आपलं दुकान बंद झालेलं असेल." आजूबाजूचे सगळे हसले. एरवी काकाही हसले असते, पण त्या दिवशी ते त्यांना लागलं.

त्यांनी सिलेक्ट मारला. वॉर्निंग आली, आणि त्यांच्याच नियमाने काम जागच्या जागी अडवलं. मग त्यांनी नियमात एक ओळ घातली, की एवढी एक वॉर्निंग बघून न बघितल्यासारखं करावं. तात्पुरतं, असं मनाशी म्हणाले. पेटी चालू केली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काका, तुम्हीही शेवटी माणसांत आलात," साहेब म्हणाले आणि त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. पुढे कितीतरी दिवस काकांना त्या क्षणाची लाज वाटायची ती याची, की त्यांना ती थाप आवडली होती. पुढच्या महिन्यात नव्या चिपचा ड्रायव्हर लिहून तयार झाला. तो आत घ्यायचं काम काकांचं होतं. पण सगळं चालतंय म्हटल्यावर ते राहून गेलं.

एका सकाळी अक्का न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं, कंबरेला मार बसला, उठता येईना. गळ्यात बटण होतं. ते ती दाबत राहिली. दुपारी खालची शेजारीण ब्लाउज न्यायला आली, हाका मारून दार उघडेना म्हणून तिने लोक गोळा केले, तेव्हा अक्काला उचललं. काका दवाखान्यात पोचले तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. पडताना कुठेतरी चेंगरलं असेल, असं डॉक्टर म्हणाले.

अक्काचा मुलगाही मिळेल त्या गाडीने आला. त्याच्यासमोर अक्का खालच्या आवाजात म्हणाली, "मलाच नीट दाबता आलं नाही रे." आणि काकांनी काय करावं? त्यांनी तिच्या गळ्यातलं बटण हातात घेतलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं तिला शिकवलं. असं मध्यभागी दाबायचं, दिवा लागेपर्यंत सोडायचं नाही. अक्काने मान हलवली. बाहेर व्हरांड्यात भाच्याने विचारलं, मामा, नक्की काय झालं असेल? काका म्हणाले, वय झालं तिचं, हात थरथरतात आता. बटणात काही बिघाड असेल हे त्यांच्या मनालासुद्धा शिवलं नाही. पेटी त्यांच्या हातची होती ना.

त्याच सुमारास अशाच आणखी काही तक्रारी आल्या. बटण दाबलं, दिवा लागला नाही, फोन गेला नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी काकांचं मत विचारलं. काका म्हणाले, म्हातारी माणसं अर्धवट दाबतात, आमच्या अक्काचंच बघा. मग सगळ्यांना एकच उत्तर गेलं, की बटण दिवा लागेपर्यंत घट्ट दाबून धरावे.

ऑफिसात पेट्या तपासणाऱ्या टेस्टिंगवालीला मात्र ते उत्तर पटलं नव्हतं. ही बाई फारशी बोलायची नाही, काकांना थोडी घाबरायचीही. तिने नव्या बोर्डाच्या पेट्या टेबलावर मांडल्या आणि कुणी हात लावायचा नाही असं सांगून दिवसभर तशाच राहू दिल्या. संध्याकाळी एकेकीचं बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. पेटी बंद करून पुन्हा चालू केली की दिवा लागायचा. तिने काकांना बोलावून दाखवलं आणि म्हणाली, "काका, बराच वेळ शांतता असली की रेडिओ झोपतो, आणि मग उठत नाही. माझं काही चुकतंय का बघा."

तिचं काही चुकत नव्हतं. काकांना तिथल्या तिथे सगळं समजलं. बराच वेळ काम नसलं की नवी चिप वीज वाचवायला रेडिओचा पुरवठा तोडते. कर्नलने सांगितलं की परत देते. पण तिच्याशी बोलणारा ड्रायव्हरच आत नव्हता, तर सांगणार कोण? वॉर्निंग हेच तर ओरडून सांगत होती, आणि काकांनीच तिचं तोंड बंद केलं होतं. ते स्वच्छतागृहात गेले, नळ सोडून नुसते उभे राहिले. आरशात बघायचा धीर झाला नाही. त्यांना अक्काचं ते नख आठवलं, आणि ते कशाने काळं पडलं असेल हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

आता खरं सांगायचं तर इथे काकांची बाजू घ्यावी असं फार वाटतं, पण घेता येत नाही. त्यांनी चूक दुरुस्त केली, हे खरं. सिलेक्ट काढला, नवा ड्रायव्हर आत घेतला, नियमातली ती ओळ पुसली. अपडेट सगळ्या पेट्यांना घरबसल्या पोचलं. बदलाच्या कारणापुढे त्यांनी लिहिलं, रेडिओत किरकोळ सुधारणा. टेस्टिंगवालीला म्हणाले, बघितलं, झालं काम. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली. ज्या म्हाताऱ्यांना घट्ट दाबा म्हणून कळवलं होतं, त्यांना पुन्हा कुणी काही कळवलं नाही. पेट्या बऱ्या झाल्या.

पण अक्का बरी होईना. हाड जुळत होतं, पण तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. गिऱ्हाइकं बघायला आली की ती स्वतःहून सांगायची, माझं आता काही खरं नाही, मला साधं बटण दाबता येत नाही. एवढं बोलून ती हसायची. काका तिथेच खुर्चीवर बसलेले असायचे. आज सांगू असं ठरवून ते घरून निघत, आणि तिथे पोचल्यावर प्लास्टर निघू दे, मग सांगू, असं म्हणत. प्लास्टर निघालं. मग ती जरा हिंडू फिरू दे, असं म्हणाले. आधी हे, आधी ते. या एका कामात त्यांना आधी काय लागतं याची उणीव कधी भासली नाही.

मग भाच्याचा फोन आला. आईने हो म्हटलंय, खोल्या सोडायच्या, महिनाअखेर मी तिला घेऊन जातो. आयुष्यभर नको नको म्हणणारी अक्का एका शब्दाने तयार झाली होती. माझ्याकडे जागा लहान आहे, तेव्हा यंत्र काही नेता येणार नाही, एवढंच भाचा ओशाळून म्हणाला.

रविवारी अक्काने काकांना बोलावलं. शिवणयंत्र खालच्या शेजारणीला द्यायचं ठरलं होतं. ते टेबलापासून सुटं करायचं होतं. खोलीत खोकी भरून ठेवलेली, भिंतीवर पडद्याच्या जागी नुसते खिळे. काका पेचकस घेऊन टेबलाखाली शिरले. वर अक्का फडक्याने यंत्र पुसत होती. बऱ्या झालेल्या हाताने ती ते सावकाश, चाकापासून सुईपर्यंत पुसत होती, आणि टेबलाखाली काकांना तिचे फक्त पाय दिसत होते. पहिला स्क्रू सैल झाला. दुसऱ्याला पेचकस लावला, पण तो फिरवेना.

"अक्का," ते खालूनच म्हणाले, "बटण तू बरोबर दाबलं होतंस."

वरचं फडकं थांबलं. "काय म्हणालास? बाहेर ये आणि सांग."

ते बाहेर आले. उभं राहायचा धीर नव्हता, म्हणून जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. टेम्पो, साहेब, ती पाठीवरची थाप, तोंड बंद केलेली वॉर्निंग, इतर म्हाताऱ्यांच्या तक्रारी. कर्नल वगैरे तिला काही कळण्यासारखं नव्हतं, म्हणून म्हणाले, शिलाई मारायला पाठवलं आणि सुईत दोरा आहे की नाही बघितलंच नाही, असं समज.

"म्हणजे दिवा लागणारच नव्हता?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"मी कितीही दाबलं असतं तरी?"

"कितीही दाबलं असतंस तरी."

तिने आपला अंगठा वळवून बघितला. नवीन नख अर्धं आलं होतं. "आणि हे तुला कधी कळलं?"

हाच प्रश्न येणार हे काकांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं. तू प्लास्टरमध्ये होतीस तेव्हापासून.

अक्का रागाने लाल होईल, असं त्यांना वाटलं होतं. ती खुर्चीत बसली आणि फडक्याची घडी घालू लागली. "यंत्र आहे, बिघडायचंच," ती म्हणाली. "माझंही बिघडतं. पण मी त्या बायकांना सांगत होते की मी आता कामाची राहिले नाही, तेव्हा तू इथे, या खुर्चीवर बसून बिस्किटं खात होतास, छोट्या."

काकांना छोट्या म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. ते मान खाली घालून रडले. अक्काने त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही. त्यांचे डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "आता त्याला फोन लाव. मला ऐकू येईल असा लाव."

भाच्याने फोन उचलला. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी बहिणीच्या देखत, आणि ते पहिल्यापेक्षा कठीण गेलं. मग भाचा म्हणाला, "मामा, आईचे हात थरथरतात असं तुम्हीच मला म्हणाला होतात."

अक्काने काकांकडे बघितलं. हे तिला माहीत नव्हतं.

"हो," काका म्हणाले. "मीच म्हणालो."

फोन ठेवल्यावर अक्का उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "तो स्क्रू परत लाव," ती म्हणाली, "घट्ट." काका पुन्हा टेबलाखाली गेले. स्क्रू आवळून बाहेर येईपर्यंत तिने एक खोकं उघडलं होतं. निघताना तिने त्यांना थांबवलं नाही, ये पुन्हा असंही म्हणाली नाही. दारात आल्यावर फक्त एवढंच विचारलं, की माझ्यासारखी आणखी माणसं होती म्हणालास, त्यांना कुणी सांगितलं का?

सोमवारी काका साहेबांच्या खोलीत गेले. ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला, मग आवाज खाली आणून म्हणाले की आता पेट्या नीट चालतायत, झाकलेलं कशाला उकरायचं? काका म्हणाले, तुम्ही काय ते ठरवा, मी आज फोन करणार आहे. करा, असं साहेब म्हणाले नाहीत, आणि करू नका असंही म्हणाले नाहीत. काकांनी बाहेर येऊन टेस्टिंगवालीलाही सांगितलं, सगळ्यांच्या समोर, की त्या दिवशी तुझं बरोबर होतं आणि मी ते दडपलं. कुणी हसलं नाही. कुणीतरी उगाच कागद चाळू लागलं. तिने तक्रार आलेल्या लोकांचे नंबर काढून दिले आणि आपली खुर्ची काकांच्या टेबलाजवळ ओढून घेतली.

पहिला फोन एका आजोबांनी उचलला. ते जिन्यात पडले होते. काकांनी कंपनीचं नाव सांगताच आजोबा घाईने म्हणाले, आता मी घट्ट दाबतो हो, रोज एकदा दाबून सराव करतो.

"आजोबा, तुम्ही त्या दिवशीही बरोबरच दाबलं होतं. पेटी बिघडलेली होती. चूक माझ्या हातून झाली होती."

"नाही हो, असं कसं. माझा हातच थरथरतो. मी मुलीलाही तेच सांगितलंय."

"तुमच्या हाताचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं."

काकांना वाटलं, आता शिव्या येतील, आणि आल्या तर बरं, असंही वाटलं.

"जरा थांबता का?" आजोबा म्हणाले. "मुलगी आत आहे. हे तिला सांगाल?"

"द्या तिच्याकडे," काका म्हणाले.